गोळी बंद करून मेडिकल द्यावे का?

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे एकाच विषयाची आहेत : वैमानिकांचे नैराश्य आणि परवान्यासाठी द्यावी लागणारी वैद्यकीय तपासणी, म्हणजेच ‘मेडिकल’. पहिले पत्र वैमानिकाचे, दुसरे विमानाने प्रवास करणाऱ्या एका आजोबांचे आणि तिसरे दुसऱ्या एका वैमानिकाच्या पत्नीचे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून एका विमान कंपनीत एअरबस ३२० विमानांवर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. मूळचा नाशिकचा, सध्या मुंबईत राहतो. गेल्या दिवाळीनंतर माझी झोप बिघडली. ड्युटी संध्याकाळची असली तरी पहाटे साडेतीनला जाग यायची आणि मग मी छताकडे बघत पडून राहायचो. जेवण जाईना, वजन सहा किलोंनी उतरले. एका रात्री दिल्लीहून परतताना एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने) दिलेली रेडिओची फ्रिक्वेन्सी मला दोनदा विचारावी लागली. कॅप्टन काही बोलले नाहीत, पण त्यांनी हात पुढे करून ती स्वतःच लावली. दुसऱ्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी आणि समुपदेशन सुरू केले. त्याला आता पाच महिने झाले. झोप लागते, भूक लागते, मुलीशी खेळावेसे वाटते, पण मी अजून जमिनीवरच आहे. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ठरावीक प्रकारचे विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी काढलेले कर्ज आणि घराचे कर्ज असे दोन हप्ते डोक्यावर आहेत. एक सहकारी म्हणतो, ‘दोन महिने आधी गोळी बंद कर आणि मेडिकलला काही बोलू नकोस, रक्तात काही सापडत नाही.’ मी काय करावे?

उत्तर : गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि मेडिकलच्या अर्जात काही लपवूही नका. या दोन्ही गोष्टींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्याच सांगतो.

त्याआधी त्या रात्रीविषयी थोडे बोलायला हवे, कारण तुमच्या पत्रात ती ओशाळलेपणाने आली आहे. नैराश्यात मन उदास होते हे सर्वांना ठाऊक असते. विचारांची गती मंदावते, ऐकलेले आकडे डोक्यात टिकत नाहीत आणि एकच ओळ तीनदा वाचावी लागते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाचे असे महिनोन्‌महिने खपून जाते. तुम्हाला ते एका फ्रिक्वेन्सीवरून कळले आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही थांबलात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मधला नियम हेच सांगतो : आपली शारीरिक वा मानसिक क्षमता घटली आहे याची जाणीव असताना परवानाधारकाने परवान्याचा वापर करू नये. आजार अंगावर काढण्याची सवय आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. तुमच्या व्यवसायात तिला जागा नाही. तेव्हा ज्या दिवशी रजा टाकली तो दिवस नामुष्कीचा होता, असे मनात धरून बसू नका.

आता गोळीविषयी. या वर्गातल्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पूर्ण बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागतात. तुम्ही पाच महिने मोजता ते गोळी सुरू झाल्यापासून. मोजायला हवे ते बरे वाटू लागल्या दिवसापासून, आणि तुमच्या वर्णनावरून तो दिवस फार जुना दिसत नाही. एकदा नैराश्य येऊन गेलेल्या माणसांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात ते पुन्हा गाठते, आणि उपचार अर्ध्यावर सोडले तर ही शक्यता आणखी वाढते. शिवाय एस्सिटालोप्राम एकाएकी बंद केली तर चक्कर येणे, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखे वाटणे, झोप उडणे, चिडचिड होणे असे त्रास काही दिवस, कधी काही आठवडे होऊ शकतात. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाची चक्कर ही किरकोळ तक्रार असते. रात्री ढगांतून उतरताना उपकरणांवर डोळे लावून बसलेल्या वैमानिकाची ती तशी नसते. गोळी कधी आणि किती टप्प्यांत कमी करायची, हे तुमचे डॉक्टर आजाराकडे पाहून ठरवतील, मेडिकलच्या तारखेकडे पाहून नव्हे. या आजाराचे पंचांग वेगळे आणि परवान्याचे पंचांग वेगळे. दोन्ही जुळवण्याच्या नादात उपचार अर्धवट राहिलेले वैमानिक माझ्याकडे वर्ष-दीड वर्षाने पुन्हा आलेले आहेत, आणि त्यांची दुसरी रजा पहिल्या रजेहून लांबली.

सहकाऱ्याच्या सल्ल्याचा दुसरा भाग अधिक घातक आहे. रक्तात काय सापडते हा इथे मुद्दाच नाही. तुम्ही अर्जावर ‘कोणताही मानसिक आजार झालेला नाही, कोणतेही औषध चालू नाही’ असे लिहून खाली सही करणार, हा मुद्दा आहे. आजारामुळे वैमानिक बहुतेक वेळा तात्पुरता अपात्र ठरतो. खोटी माहिती उघड झाली, तर प्रश्न आजाराचा उरत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही याचा होतो. त्यातून कारवाई होते, विम्याचा दावा अडतो आणि पुढच्या प्रत्येक मेडिकलला ते ओझे पाठीवर राहते. आणि खोटे बोलून कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला आजार उलटला, तर तो कोणाकडे जाणार? डॉक्टरकडे गेला तर नोंद होईल, म्हणून तो जात नाही. तुमचा सहकारी वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही. जुन्या काळात शहाणपणाचा वाटणारा सल्ला तो आजही देतो आहे, एवढेच.

जुना काळ म्हणण्याचे कारण असे. अमेरिकेत २०१० पर्यंत नैराश्याची कोणतीही गोळी चालू असलेल्या वैमानिकाला उड्डाण करता येत नसे. परिणामी काही जण गोळी लपवून उडत होते आणि काही जण गोळीच न घेता आजारासह उडत होते, आणि यातला दुसरा प्रकार अधिक धोक्याचा होता. तिथल्या एफएए या नियामक संस्थेने एप्रिल २०१० मध्ये धोरण बदलले आणि फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम व तुम्ही घेता ती एस्सिटालोप्राम या चार औषधांना सशर्त मान्यता दिली. त्या वेळची अट अशी होती की, औषधावर किमान बारा महिने प्रकृती स्थिर असली पाहिजे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आधी लपवलेले आता सांगणाऱ्यांवर कारवाई करणार नाही, असे सांगून त्यांनी सहा महिन्यांची सवलतीची मुदत दिली. पुढे २०२३ मध्ये ब्युप्रोपिऑन आणि २०२४ मध्ये व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे या यादीत आली. ऑस्ट्रेलियाने अशी परवानगी १९८७ पासूनच दिलेली आहे. आंतरराष्ट्रीय परिशिष्टातील शिफारसही साधारण याच अर्थाची आहे : गोळी चालू असेल तर उमेदवार अपात्र धरावा, मात्र प्रकरणाचा पूर्ण तपशील पाहून वैद्यकीय मूल्यांकनकर्त्याला सुरक्षिततेत बाधा येणार नाही असे वाटले तर अपवाद करावा. या वाक्यातला ‘पूर्ण तपशील’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे. आपल्याकडे पात्र-अपात्रतेचा शिक्का डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, वैद्यकीय विभाग मारतो, आणि तो समोरच्या कागदांवरून मारतो. दुसऱ्या देशात काय चालते ते दाखवून तिथे वाद घालता येत नाही. आपली फाइल मात्र नीट बांधता येते.

ती कशी बांधावी ते सांगतो, कारण माझ्या अनुभवात निम्मा उशीर इथेच होतो. ‘रुग्ण बरा असून कामावर रुजू होण्यास हरकत नाही’ अशी दोन ओळींची चिठ्ठी बँकेतल्या नोकरीला चालते, इथे चालत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून सविस्तर अहवाल मागा. आजार कधी सुरू झाला, निदान काय आणि तीव्रता किती, कोणते औषध कोणत्या तारखेपासून किती मात्रेत दिले, दुष्परिणाम कोणते झाले व कधी थांबले, शेवटचे लक्षण कोणत्या महिन्यात दिसले, जीव देण्याचे विचार कधी आले होते का, दारूचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घेतला होता का, आणि आजार पुन्हा डोके वर काढू लागला तर तुमच्या बाबतीत त्याची पहिली खूण कोणती, हे सगळे त्यात हवे. पहिली खूण तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहे : पहाटे साडेतीनची जाग. मूल्यांकन करणाऱ्याला स्वतःचा आजार ओळखणारा माणूस दिसला, की त्याचे काम सोपे होते. लक्ष, स्मरणशक्ती आणि निर्णयाचा वेग यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या आधीच करून घेतल्या तर उत्तम. हे सर्व घेऊन, अर्ज भरण्यापूर्वी, डीजीसीएच्या यादीवरील वैद्यकीय परीक्षकांना भेटा आणि गोळी चालू असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा.

मेडिकल मिळाले म्हणजे दुसऱ्या दिवशी रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, नाव लागते असेही नाही. मागच्या नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसतील, तर प्रवासी घेऊन उडता येत नाही. तुमचा खंड त्याहून बराच मोठा असल्याने सिम्युलेटर, तपासणी आणि मग प्रशिक्षक कॅप्टनबरोबरची उड्डाणे असा रस्ता चालावा लागेल. हा रस्ता उपचाराचाच भाग समजा. माझ्याकडे येणारे एक कॅप्टन नऊ महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसले, तेव्हा इंजिन निकामी होण्याचा सराव त्यांनी बिनचूक केला आणि नंतर विमान जमिनीवर चालवत नेण्याच्या साध्या टॅक्सी चेकलिस्टला त्यांचे बोट एका ओळीवर थबकले. ती ओळ त्यांना येत नव्हती असे नाही. शेजारचा माणूस आपल्याकडे बघतो आहे का, हे ते बघत होते. प्रशिक्षकाने घड्याळाकडे न पाहता त्यांना ती चेकलिस्ट पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावली. पुढच्या दोन सत्रांत ते बोट थबकायचे थांबले. असा प्रशिक्षक मिळणे हा नशिबाचा भाग आहे, हेही कबूल करतो. जमल्यास पहिले काही आठवडे दिवसाच्या ड्युट्या मागून घ्या. रात्रीचे सलग जागरण हा या आजाराचा जुना मित्र आहे.

पैशांबद्दल थोडक्यात. वैमानिकाच्या पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर ठरत असल्याने आजारपणात उत्पन्न एकदम खाली येते, आणि लपवाछपवीचे सर्वांत मोठे कारण तेच असते. बँकेला आजच पत्र देऊन हप्त्यांची फेररचना मागा, हप्ता चुकल्यावर नव्हे. परवाना गमावल्याच्या विम्याची तुमची पॉलिसी असल्यास ती कपाटातून बाहेर काढून मानसिक आजाराबाबतची कलमे एका जाणकाराकडून वाचून घ्या, कारण काही पॉलिसींमध्ये ती आडवी येतात. आरोग्यविमा ही वेगळी गोष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तिथे मानसिक आणि शारीरिक आजारांत भेद करता येत नाही. उपचारांची बिले जपून ठेवा.

प्रश्न : मी पुण्यातील एक निवृत्त शिक्षक आहे. मुलगा परदेशी असल्याने वर्षातून दोनदा विमानप्रवास घडतो. नैराश्यावर गोळ्या घेणाऱ्या वैमानिकांना काही देशांत विमान चालवू देतात असे वाचले. त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे, पण दीडशे माणसांच्या जिवाचा प्रश्न असताना ही जोखीम का घ्यावी? २०१५ सालचा जर्मन विमानाचा प्रसंग आम्ही विसरलेलो नाही.

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि तो विचारताना संकोच वाटायचे कारण नाही. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर फ्रान्समधील आल्प्स पर्वतात आदळवले आणि १५० माणसे गेली. फ्रान्सच्या बीईए या तपास संस्थेचा अहवाल वर्षभराने आला. तो वाचला तर भीतीची दिशा बदलते. त्या सहवैमानिकाला प्रशिक्षणाच्या काळात नैराश्य आले होते; बरा झाल्यावर त्याचे मेडिकल सशर्त मंजूर झाले होते. पुढे अनेक वर्षांनी आजार पुन्हा उलटला आणि या वेळी त्याचे स्वरूप बरेच गंभीर होते. अपघाताच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरांनी त्याला मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला होता. ही गोष्ट ना त्याने कंपनीला कळवली, ना कोणत्या डॉक्टरने विमान वाहतूक यंत्रणेला. नोकरी आणि उत्पन्न जाण्याची भीती हे मौनाचे एक कारण असल्याचे तपासकर्त्यांनी नोंदवले, आणि परवाना गेल्यावर होणारे आर्थिक नुकसान हलके करावे, सहकाऱ्यांच्या मदतीचे गट उभारावेत, अशा शिफारसी केल्या. युरोपात असे साहाय्य कार्यक्रम पुढे सक्तीचे झाले. आपल्याकडेही डीजीसीएने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढलेल्या परिपत्रकात वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मानसिक आरोग्याची तपासणी व सहकारी-साहाय्य या दोन्हींचा समावेश आहे.

आपण शिक्षक आहात, म्हणून आकडेही सांगतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निनावी पाहणीत उत्तरे देणाऱ्या १,८४८ वैमानिकांपैकी १२.६ टक्के जणांची लक्षणे नैराश्याच्या मर्यादेत बसत होती. पाहणी ऐच्छिक असल्याने हा आकडा ताणून सर्व वैमानिकांना लावू नये, पण एक गोष्ट त्यावरून नाकारता येत नाही : नैराश्य असलेले वैमानिक आजही उडत आहेत, नियम काहीही असोत. तेव्हा प्रवाशापुढचा पर्याय ‘आजार नसलेला वैमानिक की आजार असलेला’ असा नसून ‘उपचार आणि देखरेखीखालचा वैमानिक की उपचाराविना गप्प बसलेला’ असा आहे. ऑस्ट्रेलियात १९९३ ते २००४ या काळातील नोंदी तपासून नैराश्यावरील औषधे घेणाऱ्या ४८१ परवानाधारकांची तितक्याच इतरांशी तुलना केली गेली, तेव्हा अपघात व घटनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. तिथे अटी कडक आहेत, म्हणूनच हा निष्कर्ष मला विश्वासार्ह वाटतो. मी स्वतः उपचार आणि देखरेखीखालच्या वैमानिकाच्या मागे निश्चिंतपणे बसेन. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बसचालकामागे आपण सगळेच बसतो. फक्त त्याची गोळी आपल्याला घाबरवत नाही.

प्रश्न : माझे पती वैमानिक असून नैराश्यामुळे तीन महिने घरी आहेत. उपचार चालू आहेत. ते बोलत नाहीत, आणि मी बोलले तर चुकेल या भीतीने मीही गप्प राहते. गणेशोत्सवात सांगलीला सासरी सगळे जमतील, तेव्हा ‘हल्ली घरीच असतोस का?’ हा प्रश्न येणारच. त्या वेळी काय सांगावे?

उत्तर : आधी न बोलण्याविषयी. ‘कधी परत जाणार?’ हे रोज विचारू नका, आणि ‘मन रमव, फिरायला जा’ हेही नको. ज्याला अंघोळीला उठणे जड जाते त्याला हा सल्ला टोचतो. त्याऐवजी छोटी, ठरावीक कामे त्यांच्याकडे द्या. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, दूध आणणे, रोज ठरल्या वेळी उठणे. वैमानिक आयुष्यभर रोस्टरवर जगतो; रोस्टर अचानक गेले की दिवसाला कडा उरत नाहीत. झोपेची वेळ, गोळीची वेळ आणि चालण्याची वेळ एवढ्या तीनच गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या तरी पुष्कळांना धरायला काही मिळते. संध्याकाळच्या ग्लासावर मात्र लक्ष ठेवा, कारण उड्डाण नसले की बारा तास आधी दारू न घेण्याच्या नियमाचा धाकही उरत नाही.

‘आता कशातच अर्थ नाही’, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे शब्द कानावर आले, तर सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल किंवा टाळाटाळीचे असेल, तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना गाठा आणि त्यांना एकटे सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तुम्हाला स्वतःसाठी फोन करावासा वाटला तरी करा.

सांगलीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, पण तो निघण्यापूर्वी दोघांनी मिळून सोडवायला हवा. काय सांगायचे हे त्यांना ठरवू द्या, आणि तेच वाक्य तुम्ही दोघे सांगा. ‘तब्येतीमुळे रजेवर आहे, कंपनीला कळवले आहे, मेडिकल झाले की पुन्हा जाईन,’ एवढे पुरते. यात एकही शब्द खोटा नाही आणि आजाराचे नाव सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. एखादे काका तरीही खोदून विचारतील. अशा वेळी तुम्ही मध्ये न पडता त्यांना आरतीचे ताट धरायला बोलावून न्या. सासूबाईंना मात्र खरे काय ते आधी फोनवर सांगून ठेवा. चार दिवस एका घरात राहताना सकाळची गोळी त्यांच्यापासून लपवत बसण्याची पाळी तुमच्या पतीवर येऊ नये.